क्षयाचा सुप्त संसर्ग आणि रक्ताची परीक्षा

क्षयरोग आपल्या लोकांस नवा नाहीं. आपल्या प्राचीन वैद्यांनीं त्यास राजयक्ष्मा असें नांव दिलें होतें. थोरले माधवराव पेशवे याच रोगानें १७७२ सालीं थेऊर येथें वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं वारले; व अमेरिकेंत जाऊन वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचाही अंत १८८७ सालीं, वयाचें बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, क्षयानें झाला. अशा रोग्याकडे पाहिलें म्हणजे रोगाची कल्पना येते. तो खोकतो, त्यास सायंकाळीं बारीक ताप येतो, त्याचें वजन घटतें, कधीं थुंकींतून रक्तही पडतें. परंतु या लेखांत ज्या स्थितीविषयीं लिहावयाचें आहे ती डोळ्यांस दिसत नाहीं. शरीरांत क्षयाचे जंतु शिरलेले असतात, पण ते जणूं निजलेले असतात. मनुष्य हिंडतो, फिरतो, काम करतो; त्यास कसलीही पीडा नसते व त्याच्यापासून दुसऱ्यासही रोग लागत नाहीं. या स्थितीस सुप्त संसर्ग असें म्हणतात. तो ओळखण्यासाठीं रक्ताची एक परीक्षा निघाली आहे. तिच्या अहवालावरील एका शब्दानें घर भयभीत होतें, अथवा उलट पक्षीं नको तितकें निर्धास्त होतें. म्हणून ही परीक्षा काय सांगते व काय सांगत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं नीट समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम हा रोग पसरतो कसा तें पाहूं. फुप्फुसांचा क्षय झालेला मनुष्य खोकला, शिंकला अथवा बोलला म्हणजे अतिसूक्ष्म तुषारांबरोबर जंतु बाहेर पडतात व बंद जागेंत कित्येक तास हवेंत तरंगत राहतात. ती हवा जो घेतो त्याच्या फुप्फुसांत ते शिरतात. रोग्याच्या ताटवाटीनें किंवा कपड्यांनीं हा रोग पसरत नाहीं. यावरून आपल्या मुंबईंत क्षयास इतका आसरा कां मिळाला हें ध्यानांत येईल. कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि कोंकणांतून व घाटावरून आलेलीं माणसें परळ, लालबाग, शिवडी या भागांत दाटीवाटीनें राहूं लागलीं. गिरगांवांतील चाळींतही एकेका खोलींत दोन दोन पिढ्या नांदल्या. सन १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एका बिऱ्हाडाची जागा अवघी १६० चौरस फूट. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कित्येक चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु दाटी मात्र सर्वत्र हटली नाहीं. जेथें खिडकी एक आणि माणसें आठ, तेथें एकाचा खोकला सर्वांच्या वांट्यास येतो.

जंतु फुप्फुसांत शिरला म्हणजे रोग झालाच, असें मात्र नाहीं. शरीरांतील पांढऱ्या पेशी त्या जंतूंस वेढा घालतात व त्यांच्याभोंवतीं एक प्रकारचा कोट उभारतात. बहुतेक माणसांत हा कोट जन्मभर टिकतो. शंभर संसर्ग झालेल्या माणसांपैकीं सुमारें पांच ते दहा जणांत तो केव्हांतरी ढासळतो आणि रोग प्रकट होतो. त्यांतही संसर्गानंतरचीं पहिलीं दोन वर्षें अधिक धोक्याचीं. लहान बालकें, कुपोषित माणसें, मधुमेही, एच. आय. व्ही. चा संसर्ग झालेले, मूत्रपिंड निकामी झाल्यामुळें डायलिसिस घेणारे, आणि शरीराची प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें घेणारे रोगी यांस हा धोका इतरांहून जास्त असतो.

असे निद्रिस्त जंतु कोणाच्या शरीरांत आहेत हें ओळखण्याचा मार्ग कसा सांपडला, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. प्लेगच्या सांथींत, १८९७ सालीं, हेच कोख मुंबईस आले होते. त्यांनीं १८९० सालीं क्षयजंतूंपासून ट्युबरक्युलिन नांवाचा अर्क तयार करून तो क्षयावरील औषध म्हणून पुढें मांडला. औषध या नात्यानें तो फसला. परंतु ज्याच्या शरीरांत जंतु शिरले आहेत त्याच्या त्वचेंत तो टोंचला असतां तेथें सूज येते, असें दिसून आलें. या गोष्टीचा उपयोग व्हिएन्ना येथील पिर्के यांनीं १९०७ सालीं व फ्रान्समधील मांटू यांनीं १९०८ सालीं परीक्षेसाठीं केला. मांटू यांची परीक्षा आजही चालते. हाताच्या त्वचेंत थोडेंसें द्रव्य टोंचतात व दोन-तीन दिवसांनीं जो कठीण फुगवटा येतो तो पट्टीनें मोजतात.

या परीक्षेंत एक मोठा दोष राहिला. आपल्या देशांत जन्मतः मुलांस बी. सी. जी. ची लस टोंचतात. ही लस फ्रान्समध्यें काल्मेत व गेरँ या दोघांनीं गाईंच्या क्षयाचा जंतु १९०८ पासून १९२१ पर्यंत तेरा वर्षें पुनःपुनः वाढवून, त्याची धार बोथट करून, तयार केली. ती क्षयाच्या जंतूचीच भावंड असल्यामुळें मांटूच्या परीक्षेंत लसीमुळेंही सूज येऊं शकते. मातींत व पाण्यांत राहणारे कांहीं निरुपद्रवी जंतुही असाच घोंटाळा करतात. शिवाय रोग्यास दोन वेळां दवाखान्यांत यावें लागतें. फुगवटा मोजावयास पुष्कळ जण परततच नाहींत, आणि मोजणाराचाही हात सरावाचा असावा लागतो.

पुढें असें कळून आलें कीं, त्या तेरा वर्षांत लसीच्या जंतूनें आपल्या जनुकांचा एक तुकडा कायमचा गमावला होता. त्या तुकड्यावरून तयार होणारीं दोन प्रथिनें, ई-सॅट-६ व सी. एफ. पी.-१०, खऱ्या क्षयजंतूंत असतात, लसींत नसतात. मग शास्त्रज्ञांनीं विचार केला कीं, हींच दोन प्रथिनें रक्तास दाखवावीं. ज्या मनुष्याच्या पांढऱ्या पेशींनीं पूर्वीं क्षयजंतु पाहिला असेल, त्या पेशी हीं प्रथिनें ओळखतील व इंटरफेरॉन गॅमा नांवाचें द्रव्य सोडतील. तें मोजलें कीं झालें. हीच ती रक्तपरीक्षा. तिचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत, क्वांटिफेरॉन व टी-स्पॉट. पैकीं पहिल्यास आपल्याकडे बोलतांना लोक टीबी गोल्ड म्हणतात. तींत रक्त चार नळ्यांत घेतात. एका नळींत कांहींच नसतें, दोहोंत तीं प्रथिनें असतात, आणि चौथींत पेशींस हटकून जागें करणारें द्रव्य असतें, कारण मुळांत त्या पेशी काम करण्याजोग्या आहेत कीं नाहींत हेंही पाहावें लागतें.

इतकी चतुराई असूनही ही परीक्षा आपल्या शहरांत राबवितांना अनेक अडचणी येतात. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अडचण अशी कीं, ही परीक्षा एकाच प्रश्नाचें उत्तर देते: या शरीरानें क्षयजंतु पाहिला आहे काय? तो जंतु आज निजलेला आहे कीं जागा झाला आहे, हें ती सांगत नाहीं. पुढें जागा होईल कीं नाहीं, हेंही सांगत नाहीं. औषध घेऊन पूर्ण बरा झालेल्या मनुष्याच्या रक्ताचें उत्तरही पुष्कळदा होकारार्थीच राहतें, कारण पेशींची स्मृति पुसली जात नाहीं. म्हणून रोग बरा झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिचा उपयोग नाहीं.

आतां हा मुद्दा आंकड्यांनीं पाहूं. भारत सरकारनें २०१९ ते २०२१ या काळांत देशभर क्षयाची पाहणी केली. तींत पंधरा वर्षें व त्यावरील माणसांत, याच जातीच्या रक्तपरीक्षेनें, शेंकडा सुमारें ३१ जणांस संसर्ग असल्याचें आढळलें. समजा, लालबागच्या एखाद्या इमारतींतील शंभर प्रौढांचें रक्त तपासलें, व प्रमाण देशाइतकेंच धरलें, तर ३१ जणांस होकाराचा कागद मिळेल. त्या ३१ जणांपैकीं जन्मभरांत रोग होईल तो दोघां-तिघांस. ते दोघे-तिघे कोण, हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें. ज्या देशांत संसर्ग विरळा तेथें होकाराचें उत्तर मोठी बातमी ठरते. जेथें तिसरा मनुष्य संसर्ग झालेला, तेथें सर्वांस सरसकट तपासून भीति तेवढी वाढते, ज्ञान फारसें वाढत नाहीं.

दुसरी अडचण नकाराच्या उत्तराची. परीक्षा पांढऱ्या पेशींच्या जोमावर अवलंबून आहे. ज्यांचा जोम कमी, म्हणजे अगदीं लहान मुलें, कुपोषित माणसें, एच. आय. व्ही. ग्रस्त रोगी, त्यांच्यांत जंतु असूनही उत्तर नकारार्थी किंवा अनिश्चित येऊं शकतें. म्हणजे ज्यांस धोका अधिक त्यांच्याच बाबतींत परीक्षा डळमळते. प्रत्यक्ष क्षयानें खंगलेल्या रोग्याचें उत्तरही कधीं कधीं नकारार्थी येतें. संसर्ग नुकताच झाला असेल तर पेशी तयार होण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंपर्यंतही उत्तर नाहीं असेंच येतें. तेव्हां खोकला, ताप, वजनांत घट हीं लक्षणें असतां नकाराच्या कागदावर विसंबून राहणें घातक आहे.

तिसरी अडचण सीमारेषेची. क्वांटिफेरॉन परीक्षेंत ०.३५ हा आंकडा सीमा मानला आहे; त्याच्या वर होकार, खालीं नकार. पण एकाच मनुष्याचें रक्त दोन दिवस तपासलें तरी आंकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्यामुळें सीमेजवळच्या मनुष्यास आज संसर्ग आहे व पुढच्या महिन्यांत नाहीं, असे विसंगत कागद मिळतात. अमेरिकेंत रुग्णालयांतील सेवकवर्गाची दरवर्षीं अशी तपासणी होत असे. २०१९ सालीं तेथील आरोग्य खात्यानें, क्षयरोग्याशीं संबंध आला नसेल तर ही वार्षिक तपासणी करूं नये, असा सल्ला दिला.

चौथी अडचण व्यवहाराची. येथें जिवंत पेशींची परीक्षा असते, म्हणून वेळेस फार महत्त्व. नळ्या विशिष्ट रीतीनें हलवाव्या लागतात; रक्त घेतल्यापासून १६ तासांच्या आंत त्या ३७ अंश उष्णतेच्या पेटींत गेल्या पाहिजेत; तेथें १६ ते २४ तास राहिल्या पाहिजेत. वाटेंत उशीर झाला, नळी नीट हलविली नाहीं, अथवा उन्हांत राहिली, तर उत्तर बिघडतें. एप्रिल-मे महिन्यांतील मुंबईची उष्णता व रस्त्यांवरील वाहनांची कोंडी ज्यांनीं अनुभविली आहे त्यांस यांतील कष्ट सांगावयास नकोत. शिवाय शिकलेला कारागीर व सुसज्ज प्रयोगशाळा हवी, आणि खासगी ठिकाणीं होणारा खर्च सामान्य कुटुंबास, विशेषतः घरांतील पांच-सहा माणसांचा एकदम करावयाचा झाल्यास, झेपणारा नाहीं. या कारणानें त्वचेच्या परीक्षेचीच एक सुधारलेली जात पुढें आली आहे. तींत वर सांगितलेलीं तींच दोन प्रथिनें त्वचेंत टोंचतात, त्यामुळें बी. सी. जी. चा घोंटाळा होत नाहीं. अशा परीक्षांस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं मान्यता दिली; त्यांपैकीं साय-टीबी ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. तिच्यांतही सूज मोजावयास परत यावें लागतें, हा जुना त्रास राहिलाच.

पांचवी अडचण मुंबईस विशेष लागू आहे. होकार आला तरी तो जंतु कोणत्या औषधास दाद देईल हें परीक्षेवरून कळत नाहीं. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं डिसेंबर २०११ मध्यें, तपासलेल्या एकाही औषधास न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रोगी प्रसिद्ध केले, तेव्हां साऱ्या जगाचें लक्ष आपल्या शहराकडे वळलें. अशा रोग्याच्या घरांतील माणसांस नेहमींचीं प्रतिबंधक औषधें उपयोगीं पडतीलच असें नाहीं. त्यामुळें मूळ रोग्याच्या थुंकींतील जंतूंची औषधांविरुद्ध तपासणी झाली आहे काय, हें विचारणें फार जरूर असतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पूर्वीं आपल्या देशांत रक्तांतील प्रतिद्रव्यें मोजून क्षयाचें निदान करण्याची एक निराळी परीक्षा खासगी प्रयोगशाळांतून सर्रास चाले. वर्षाकांठीं अशा सुमारें पंधरा लाख परीक्षा होत असा अंदाज होता. ती इतकी अविश्वसनीय होती कीं निरोगी मनुष्य रोगी ठरे व रोगी मनुष्य निरोगी म्हणून घरीं जाई. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं ती वापरूं नये असें सांगितलें व जून २०१२ मध्यें भारत सरकारनें तिच्यावर बंदी घातली. इंटरफेरॉनची परीक्षा त्या जातीची नाहीं व तिच्यावर बंदीही नाहीं. पण तिचा उपयोग प्रत्यक्ष रोगाच्या निदानासाठीं करणें हेंही चुकीचेंच होय. रक्त काढून अहवाल मिळविणें सोपें, सभ्य व स्वच्छ वाटतें. थुंकी डबींत देणें ओंगळ वाटतें. म्हणून लोकांचा ओढा रक्ताकडे असतो. परंतु फुप्फुसांच्या क्षयाचा खरा पुरावा थुंकींतच सांपडतो. थुंकींतील जंतूंचीं जनुकें शोधणाऱ्या यंत्रानें आतां सुमारें दोन तासांत जंतु आहे कीं नाहीं, व रिफाम्पिसिन या मुख्य औषधास तो दाद देतो कीं नाहीं, हें कळतें. आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमांत ही तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात.

मग या रक्तपरीक्षेचा उपयोगच नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. ज्याच्या बाबतींत उत्तरावरून कांहीं करावयाचें आहे, त्याच्यासाठीं ती मोलाची आहे. संधिवातावरील कांहीं नवीं औषधें सुरू करण्यापूर्वीं, अवयवरोपणापूर्वीं, डायलिसिसवरील रोग्यांत, अथवा दगडाच्या धुळीनें फुप्फुसें खराब झालेल्या कामगारांत निद्रिस्त जंतु आहेत कीं काय हें पाहणें शहाणपणाचें. घरांत क्षयाचा रोगी निघाल्यास इतर माणसांविषयीं सरकारचे २०२१ चे नियम स्पष्ट आहेत. पांच वर्षांखालील मूल असेल तर त्यास रोग झालेला नाहीं एवढी खात्री करून, रक्ताच्या परीक्षेची वाट न पाहतां, प्रतिबंधक औषध द्यावें. त्याहून मोठ्यांची लक्षणें विचारावीं, छातीचा एक्स-रे काढावा, व सोय असेल तेथें संसर्गाची परीक्षा करावी. परंतु ती सोय नाहीं म्हणून औषध अडवून ठेवूं नये. औषध म्हणजे सहा महिने रोज आयसोनियाझिड, अथवा रिफापेंटिन व आयसोनियाझिड यांची आठवड्यांतून एकदां याप्रमाणें बारा वेळां घ्यावयाची मात्रा. दोहोंतही यकृतावर लक्ष ठेवावें लागतें, म्हणून तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावींत. मात्र रोग जागा झालेला असतां हें अपुरें औषध दिलें तर जंतु त्या औषधास निर्ढावतात. म्हणूनच आधीं रोग नाहीं याची खात्री, मग प्रतिबंधक औषध, हा क्रम कधींही उलटूं नये.

सर्वांत कठीण काम यापुढें आहे. ज्यास कांहींच होत नाहीं अशा मनुष्यास सहा महिने गोळी घ्यावयास लावणें हें डॉक्टरांपेक्षां घरच्यांच्या हातीं अधिक असतें. त्यांतच चाळींत बोभाटा होईल, मुलीचें लग्न अडेल, नोकरी जाईल, या भीतीनें लोक कागद लपवितात. सुप्त संसर्ग हा कलंक नव्हे. तो असलेल्या माणसापासून कोणास रोग लागत नाहीं. तेव्हां असा अहवाल आलेल्या मुलास वेगळें बसविणें, त्याचा डबा वेगळा ठेवणें, ही निव्वळ क्रूरता होय.

औषधांइतकेंच महत्त्व अन्नास आहे. झारखंडमध्यें क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांस चांगलें अन्न पुरवून केलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. अधिक अन्न मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचें प्रमाण शेंकडा ३९ नें कमी आढळलें. शरीराचा कोट पोटांतून बांधला जातो, हें यावरून दिसतें. डाळ, अंडें, दूध, शेंगदाणे हे पदार्थ घरांत आणणें, आणि झोंपतांना थंडीच्या धाकानें खिडकी गच्च न लावणें, हे उपाय कोणत्याही कागदावांचून करतां येतात.

विद्यार्थिमित्रांनो, शास्त्रीय परीक्षा ही कितीही सूक्ष्म असली तरी ती विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते. म्हणून प्रश्न योग्य विचारावा. ज्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे त्यानें रक्ताचा अहवाल शोधीत बसूं नये. थुंकी तपासण्यास जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यांत जावें. ज्याच्या घरांत रोगी आहे त्यानें धाकट्या भावंडांस बरोबर न्यावें. आणि ज्याच्या हातीं होकाराचा कागद आला आहे त्यानें तो डॉक्टरांस दाखवून एवढेंच विचारावें: मला रोग आहे काय, आणि नसल्यास तो होऊं नये म्हणून मीं काय करावें? एवढे दोन प्रश्न आपल्या आईवडिलांस व शेजाऱ्यांस शिकविलेत, तरी आपल्या या शहरावर आपले मोठे उपकार होतील.